टोपलीखालचं पीठ

तांदळाच्या पिठाचा वास नाकात गेला आणि अंजूर गावच्या घरातली ती सकाळ आठवली. भाऊ गोदामाच्या आगीत गेला होता. रिवाजाप्रमाणे त्याच्या दिव्याजवळ रात्री पीठ पसरून टोपली झाकली होती. गेलेल्या माणसाची काहीतरी खूण त्यावर उमटते म्हणतात. आईने टोपली उचलली. पीठ जसंच्या तसं होतं. "अहो, म्हंजे तो कुठंच न्हाय?" शाळेत विज्ञान शिकवणारे वडील पिठाकडेच बघत म्हणाले, "विश्व फुगतंय. लय लांबच्या दीर्घिकांमधनं आज निघालेला उजेड आपल्यापर्यंत कधीच पोचायचा न्हाय, मधलं अंतरच वाढत जातं. म्हणून त्या न्हायत असं न्हाय." आई म्हणाली, "मग आपल्याला काय उपेग त्यांचा?" काल वडिलांच्या दिव्याजवळ मी पीठ पसरलं. केव्हाचं उजाडलंय, टोपली काही उचलवत नाही.