कूलरमागचा जोड

वरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क मार्चअखेर टकटक वाजू लागली. जळगावच्या दुकानदाराने फोनवर नुसता आवाज ऐकून सांगितले, "बंद करू नका, हलवू नका. चालतेय तोवर कॉपी करून घ्या."

डिस्कवर वडिलांनी, म्हणजे नानांनी, वर्षानुवर्षे काढलेले व्हिडिओ होते. त्यात एक फोल्डर भडगावच्या अक्काचे. अक्का नानांची थोरली बहीण. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तिची वाचा गेली. तिचे बोलणे आता त्या डिस्कवरच होते.

यूएसबीला काही जोडले की मशीन अडकून बसायचे, आणि त्याला वायफाय नव्हते. राहिला एकच रस्ता: खालच्या राउटरपर्यंत गेलेली केबल आणि तिथून नवा कॉम्प्युटर. अक्काचे फोल्डर आधी लावले. पडद्यावर उरलेला वेळ दोन दिवस दिसला, मग तीन, मग पुन्हा दोन.

"यावलची एसटी झाली ही," नाना म्हणाले. "दर फाट्यावर थांबा."

पहिला संशय डिस्कवर होता. पण आम्ही बातमीदार एका सूत्रावर बातमी लावत नाही. कॉपी थांबवून वरची केबल लॅपटॉपला लावली आणि त्यातली एक फाइल नव्या कॉम्प्युटरला पाठवली. तोही तितकाच रेंगाळला. तोच लॅपटॉप खाली राउटरजवळ आणला, हातभर केबलने जोडला आणि तीच फाइल पाठवली. क्षणात गेली. जोडणीचा वेग वर शंभर मेगाबिट दिसत होता, खाली हजार. डिस्क सुटली, राउटर सुटला. उरली मधली लांब केबल.

"तारेला काय होणार?" नाना म्हणाले. "तुटली असती तर काहीच गेलं नसतं. हळू का होईना, जातंय ना?"

तर्क बिनचूक होता, आणि म्हणूनच गोष्ट विचित्र वाटत होती. तुटलेली वस्तू समजते. अर्धवट चालणारी समजत नाही. केबल हाताने चाचपत जिन्यावरून निघालो. ती खिडकीतून बाहेर, कूलरच्या मागे गेली होती. तिथे काळ्या टेपची जाड गाठ होती, वर पॉलिथिन.

"हे कोणी केलं?"

"मी. होळीनंतर कूलर चढवला, तेव्हा स्टँडखाली चेपून तुटली. बोअरच्या मोटरची केबल जन्मभर जोडत आलोय. ही तर सुतळी!"

टेप सोडवली. आत आठ बारीक तारा. चार एकमेकींना पीळ देऊन जोडलेल्या, चार नीट मागे दुमडलेल्या.

"या चार, नाना?"

"जादा. चार जोडल्या तर राउटरवरचा दिवा लागला. बाकीच्या राखून ठेवल्या. उद्या एखादी जळाली तर?"

शंभरच्या वेगाला चार तारा पुरतात, हजारला आठही लागतात. शिवाय या तारा मुळात जोडीजोडीने पिळलेल्या असतात. जोडताना तो पीळ वीतभर उलगडला होता. त्यामुळे माहिती वाटेत बिघडत होती आणि पुन्हा पुन्हा पाठवली जात होती. घरातल्या कोणाच्या हे ध्यानात आले नाही, कारण वरच्या खोलीत नाना फक्त बातम्या वाचत. तेवढ्याला तो वेग पुरत होता.

नानांनी सगळे ऐकून घेतले. "पण मोटर चालली असती यावर?"

"चालली असती."

"मग जोड वाईट नाही. जागा चुकली."

नवी अखंड केबल आणली आणि कूलर टाळून दुसऱ्या खिडकीतून ओढली. दिवसांच्या जागी मिनिटे दिसू लागली. अक्काचे फोल्डर पूर्ण आले. त्यानंतरचे फोल्डर जात असताना डिस्क एकदा मोठ्याने वाजली आणि थांबली. त्यात नानांच्या निवृत्तीचा सत्कार होता. त्यांनी त्याची चौकशी केली नाही.

रविवारी भडगावला जाऊन अक्कासमोर फोनवर पहिला व्हिडिओ लावला. त्यात अक्का बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे, पीठ घोटत होती आणि कॅमेऱ्याकडे न बघता हात उडवून म्हणत होती, "काय करी ऱ्हायना रे भाऊ? बंद कर ते!"

खाटेवरच्या अक्काने चालता हात उचलून तीच खूण केली: बंद कर. नानांनी बंद केला. तिने पुन्हा हात उचलला, आणि तो फोनवर टेकवला.