आपला येतो का?

माझी वहिनी कॉलेजात अमेरिकन कादंबऱ्या शिकवायची आणि माझा दादा कारखान्यात लेथ मशीन चालवायचा. या दोघांचा संसार टिकला तो संध्याकाळच्या चहावर, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या दिवशी वर्गात जे शिकवायचं, ते वहिनी आदल्या संध्याकाळी दादाला सांगायची. मांडीवर इंग्रजी पुस्तक आणि तोंडात मराठी. दादाला ती परकी नावं काही केल्या लक्षात राहायची नाहीत. सिनेमाची गोष्ट सांगावी तसा तो प्रत्येक नायकाला 'आपला' म्हणायचा.

"मग आपला पळाला का?"

"पळाला," वहिनी म्हणायची. "यांच्या कादंबऱ्यांत माणूस सारखा घर सोडतो. पुढे मोकळी जमीन दिसत असते, मागे राहिलेले दिसत नाहीत."

"घरी काय त्याला कुणी उपाशी ठेवलं होतं?"

झालं, दोघांची जुंपायची. दादा सगळ्यांची बाजू घ्यायचा, अगदी बायकोला टाकून गेलेल्या दारुड्याचीसुद्धा. वहिनी कुणालाच सोडायची नाही. शेवटाच्या बाबतीत तर ती फारच कडक. पुतण्या लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा दादा तिला म्हणाला, निदान आज त्या पुस्तकातल्या मुलीला वाचव. "लिहिणाऱ्याने मारली, मी कोण वाचवणार?" म्हणाली. असा राग आला होता मला तिचा.

दादा निवृत्त झाला आणि त्याचं यकृत कामातून गेलं. डॉक्टर म्हणाले, जवळच्या कुणी यकृताचा तुकडा दिला तर वाचतील, पण फार थांबता येणार नाही. वहिनीचा रक्तगट जुळेना, मला मधुमेह. जुळत होता तो पुतण्याचा. दुसऱ्या शहरात नोकरी करणारा आमचा हा दिवटा सोमवारी येतो म्हणाला, मग गुरुवारी येतो म्हणाला.

तोवर वहिनी हॉस्पिटलात दादाच्या खाटेशेजारी बसून वाचत होती. कादंबरीत नदीकाठच्या लाकडाच्या वखारीचा म्हातारा मालक अंथरुणाला खिळलेला. मुलगा जवळच रेल्वेचे रूळ टाकायच्या कामावर. निरोप पोचलाय, तरी येत नाही.

"का येत नाही? वाईट आहे का तो?" दादाने विचारलं.

"वाईट नाही हो. न येण्याची सवय होते माणसाला. सगळ्या पुस्तकाचा आशय म्हणाल तर तेवढाच."

शेवटची काही पानं राहिली होती आणि तिचा फोन वाजला. ती बाहेर गेली. मी तिथेच बाटलीत पाणी भरत होतो.

"बरं," ती म्हणाली. बराच वेळ ऐकत राहिली. "भीती वाटते म्हणजे काय रे? बाप आहे तो तुझा." आणि पुन्हा, "बरं."

फोन ठेवून तिने रुमालाने तोंड पुसलं. "तो येणार नाही, भाऊजी. आत काही बोलू नका." पुतण्या समोर असता तर मी त्याचं थोबाड फोडलं असतं.

आम्ही आत आलो. वहिनीने पुस्तक उघडलं.

"आपला येतो का?" दादाने विचारलं. पुस्तकातला की घरातला, ते काही बोलला नाही.

"येतो," वहिनी पानाकडे बघत म्हणाली. "घोड्यावरून येतो. बापाचा हात हातात घेतो. म्हातारा बरा होतो."

दादा पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिला.

"इतक्या वर्षांत एकाही पुस्तकाचा शेवट तू गोड केला नाहीस," तो म्हणाला. "फोन त्याचाच होता ना?"

वहिनी पुस्तक मिटायला लागली.

"खरा वाच," दादा म्हणाला.

तिने पान मागे उलटलं आणि जे होतं ते वाचलं. एकही ओळ गाळली नाही. म्हातारा वाट बघत मेला. दादा डोळे मिटून ऐकत होता. मध्येच त्याने चाचपडत तिचा हात धरला.

"आपला घाबरला असेल गं," तो म्हणाला. "त्याला बोलू नकोस."