मोठ्याचं प्लास्टर धाकट्याच्या पायात

धंतोलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी प्लास्टर घालायचो. आठवीत शाळा सुटली, मामाच्या ओळखीवर कोकणातून नागपूरला आलो आणि डॉक्टरांनी ठेवून घेतलं. राहायला मागची खोली दिली, हाताला धरून काम शिकवलं. त्यांच्यासमोर मी कायम जपून असायचो. इथून निघावं लागलं तर जायचं कुठे?

त्या काळी पट्ट्या आम्हीच बनवायचो. जाळीच्या कापडात प्लास्टरची पावडर घासायची, गुंडाळी बादलीत बुडवायची, बुडबुडे थांबले की काढायची. पायाला कापूस लावून वर पट्टी, आणि मग तळव्याने फिरवत राहायचं. बोटांनी दाबलं तर खड्डा पडतो, आत जखम होते. थोड्या वेळाने प्लास्टर आपोआप गरम होतं. ती ऊब तळव्याला लागली की समजायचं, धरलं. शेवटी कापूस बाहेर दुमडून मी गोधडीसारखी किनार करायचो. ती कोणी शिकवली नव्हती, माझीच होती.

मग डॉक्टरांनी मला खिडकीवर बसवलं. खुर्ची, पंखा, केसपेपर लिहायचे. "अक्षर चांगलं आहे तुझं. किती दिवस बादलीत हात घालशील?" ते कौतुकाने म्हणाले. गावी आईने देवापुढे साखर ठेवली. आणि मी दिवसभर नावं लिहून संध्याकाळी आपले हात बघत बसायचो. स्वच्छ असायचे. दिवसभर काय केलं, ते त्यांच्यावरून कळायचं नाही. पण मला परत प्लास्टरवर घ्या, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

एका दुपारी रामटेककडचे दोघे भाऊ आले. थोरल्याच्या पाठीवर धाकटा. धाकट्याच्या डाव्या पायाला प्लास्टर, वरून सुतळीने करकचून बांधलेलं.

"हे कुठे घातलं?" मी खिडकीतून विचारलं.

"इथंच जी," थोरला म्हणाला. "मागच्या साली माहा पाय मोडला होता, तवाचं हाये. कापलं तवा घरी नेलं होतं. आता याचा मोडला, तोच पाय. घरात होतं तर नवीन कायले?"

"मग आता कशाला आलात?"

"सकाळपासून बोंबलून राहिला ना. याची पोटरी माह्याहून जाडी. म्हणलं बसन हळूहळू. नवी चप्पल नाही का चावत?"

मी वाकून पाहिलं. गुडघ्याखाली काठावर किनार होती. गोधडीची. आणि खाली बोटं सुजून निळी पडलेली.

प्लास्टरवाला जेवायला गेला होता. मी सिस्टरना डॉक्टरांकडे पिटाळलं, खुर्ची सोडून धावलो, कात्रीने सुतळी कापली, प्लास्टरच्या कापलेल्या दोन्ही फाकी वेगळ्या केल्या. अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. धाकटा रडायचं थांबून माझ्याकडे बघत होता. माझ्याच हातच्या कामाने याचा पाय जाणार, एवढंच डोक्यात होतं. मग नखाखाली हळूहळू लाली आली.

तोवर डॉक्टर आले. त्यांनी पाय चाचपला, "आणखी उशीर केला असता तर..." एवढंच म्हणाले. हाड बसवलं. सूज होती, म्हणून पायाच्या मागच्या बाजूने अर्धंच प्लास्टर घालायचं ठरलं. ते पट्टी मागणार, तोवर माझे हात बादलीत होते. तळव्याला ऊब लागली तेव्हा कुठे माझा श्वास जागेवर आला.

"खिडकीवर कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोणी नाही, सर. चुकलं. जातो."

"ओल्या हातांनी कागद भिजवशील." ते माझ्याकडे बघत राहिले. "इथेच यायचं होतं तर बोलला का नाहीस?"

"तुम्ही खुर्ची दिली होतीत, सर."

"खिडकीवर उद्यापासून दुसरा बघतो," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

वळून पाहतो तर थोरला जुन्या फाकी एकमेकीत बसवून काखेत धरत होता.

"हे कुठे नेता?"

"घरी. माळ्यावर पडलं राहीन. तिसरा हाये ना अजून."

मी त्या हिसकावल्या, जमिनीवर टाकून टाच मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली.

"मजबूत हाये जी," थोरला समजुतीच्या सुरात म्हणाला. "म्हणून तर ठेवलं होतं."

शेवटी अंगणात नेऊन दगडाने फोडावं लागलं.