माळवदावर गेलेलं पेव

आमच्या घरात धान्य साठवायची पद्धत नव्हती, कारण घर एका जागी नव्हतं. आम्ही खटावकडचे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं हाकत पलूसच्या काळ्या रानात उतरायचं, कुणाच्या तरी शेतात मेंढरं बसवायची आणि लेंडीखताच्या बदल्यात तो घालील ते जोंधळे घ्यायचे. आई ते फडक्यात बांधून घोड्यावर टाकायची. घोडा वाहील तेवढंच धान्य आपलं. एका वर्षी रानमालकाने काहीच घातलं नाही, तेव्हा आम्ही उंबरं खाऊन दिवस काढले. अशा घरातून मी बी.ए. झालो. आमच्या भावकीतला पहिला. हे मी दबकत सांगत नाही.

नोकरी लागली ती उत्खननात, तीही हंगामी. उत्खनन म्हणजे जुन्या वस्तीची जागा एकेक थर उतरत खणायची. स्वातंत्र्याला दुसरं वर्ष लागलं होतं. वडूजच्या खाली येरळेकाठी एका पांढरीवर आमचं काम चाललं होतं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली की राख, शेण आणि पडक्या भिंती मुरून माती पांढुरकी होते. तीच पांढरी.

अगदी तळाशी गारगोटीच्या बारीक, धारदार चिपा मिळाल्या. खापर नाही, चूल नाही. म्हणजे शिकार करीत, कंदमुळं उकरीत फिरणारे लोक तिथे टेकले आणि पुढे गेले. वरच्या थरात मात्र खापरं, चुली, सारवलेली जमीन. माणूस थांबला कशाच्या जोरावर, हा आमच्या पुण्याच्या साहेबांचा सवाल होता. त्याच थरात एक गोल खड्डा लागला.

"साहेब, हे पेव आहे," मी म्हणालो. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार.

"कचऱ्याचा खड्डाही असाच दिसतो. दाणा दाखवा."

हंगाम संपत आला होता. दाणा मिळाला नाही तर पुढच्या वर्षीचं काम बंद, आणि कामाबरोबर मीही बंद. खड्ड्याच्या तळाची माती आम्ही कडेला वेगळी काढली आणि जेवायला गेलो. परत येतो तर ढीग गायब. शेजारी चाळलेल्या मातीचे एवढाले ढीग होते, त्यांना कुणी हातही लावला नव्हता.

त्या भागात घरांना माळवद असतं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. पावसाआधी त्यावर पांढरीची माती पसरतात, ती पाणी खाली उतरू देत नाही. चाळलेली माती न्यायला आम्हीच गावाला परवानगी दिली होती. गाडीची चाकोरी धरून निघालो तो, गाव जिला आत्ती म्हणायचं, त्या म्हाताऱ्या अनसाआत्तींच्या दारात पोचलो. त्यांचा मुलगा ज्ञानू वर माळवदावर माती पसरत होता.

"ज्ञानू, चाळलेली सोडून ही का आणलीस?"

"आवं, ती उन्हानं मेल्याली हाय. माळवदाला खालची, ताजी पांढर लागती. आमच्या आज्ज्यापास्नं असंच हाय."

आत्ती दारात आल्या. "सोनं हाय का रं तिच्यात?"

"न्हाई आत्ती. दाणं असतील. जळकं. जळकंच मातीत टिकत्यात."

"जळकं दाणं आमी कोंबड्यांस्नी बी टाकत न्हाई. आन् वळीव तोंडावर आलाय. माळवद गळलं तर तुजा सायब येणार हाय का पाणी उपसाय?"

"मी चाळतो, परत पसरतो आणि चोपून बी देतो."

"कालिजात चोपाय शिकवत्यात व्हय?"

"न्हाई. तुमी शिकवा."

"मग चढ. धोतर वर खोच आदी."

एवढ्यात साहेब येऊन पोचले. त्यांनी खालूनच सांगितलं, "माती जागची हलली. आता दाणा सापडला तरी तो पेवातला कशावरून? या बाईंच्या सुपातलाही असेल." बरोबर होतं. आमच्या धंद्यात वस्तूला किंमत तिच्या जागेमुळे येते. जागा सुटली की ती नुसती वस्तू.

तरी मी चाळत राहिलो. काळे, चपटे दाणे निघू लागले. हुलगे. मग एक ढेकूळ हाती आलं. एका बाजूला चिखलाचा गिलावा, त्यात जळके हुलगे घट्ट रुतलेले. ते उपरण्यात गुंडाळून खाली उतरलो आणि साहेबांबरोबर पांढरीवर गेलो. पेवाच्या तळाचा गिलावा एके ठिकाणी कुदळीने उडाला होता. ढेकूळ साहेबांनी स्वतः तिथे ठेवलं. कडेला कड बसली. त्यांनी काढून पुन्हा ठेवलं. पुन्हा बसली.

"फोटो घ्या," ते म्हणाले. "आणि पेव असं लिहा."

हुलगा पुरून ठेवणारा माणूस तो सोडून लांब जात नाही. तो राखणीला बसतो. शिल्लक पडली की कुंभाराला, लोहाराला घालता येते, मग बाजार भरतो. मोठाली शहरं अशा शिलकीवरच उभी राहिली, असं साहेब सांगत.

संध्याकाळी मी माळवद चोपत होतो. आत्ती शिडीवरून चुका काढत होत्या. एक जळका हुलगा हातावर घेऊन म्हणाल्या, "ह्याचं पीठ करून माडगं काय शिजायचं न्हाई गड्या."

यातून मी एवढंच शिकलो, की दाण्याचा असो वा मातीचा, ढीग घातला की राखणीला माणूस बसवावा आणि मगच जेवायला जावं. अहवालात पेव छापून आलं. पुढच्या हंगामाला मंजुरी मिळाली. मी नोकरीत कायम झालो.