वाल्मिकच्या पिंपातलं पाणी

वाशिंद स्टेशनवरून रिक्षाने आत आलं की आमचं गाव. मागे डोंगर, खाली भातसा नदी, मधे भाताची खाचरं. समुद्राशी आमचा काडीचा संबंध नाही. तरी माझा शेजारी वाल्मिक याच्या पडवीत, जिन्याखाली, गोणपाट पांघरलेलं एक निळं पिंप असतं आणि त्यात समुद्राचं पाणी असतं. गाव त्याला हसायचं. मी तर येता-जाता विचारायचो, "काय वाल्मिकशेठ, भरती कधी हाय?"

वाल्मिक कारखान्यात फिटर. माणूस कामापुरतं बोलणारा. ते पाणी टाकीतल्या माशांसाठी, पण माशांचा नाद त्याचा नव्हेच, तो त्याच्या एकुलत्या एका पोराचा, ओमकारचा. ओमकारला मालवाहू जहाजावर नोकरी लागली आणि जाताना त्याने आपली काचेची टाकी बापाच्या गळ्यात मारली. आत पांढऱ्या पट्ट्यांचे तीन नारिंगी मासे होते. वाल्मिकने एकदा बाजारातलं पाकिटातलं मीठ कालवून पाणी केलं, प्रमाण चुकलं आणि दोन मासे गेले. त्यानंतर त्याने पाकिटाला हात लावला नाही.

मग पाणी आणायचं कुठून? त्याच्याबरोबर कामाला असलेला शाम समुद्रकाठच्या अर्नाळ्याचा, त्याच्या भावाची होडी. किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ, म्हणून होडीने आत जाऊन पिंप भरायचं, टेम्पोत घालून घरी आणायचं, कपड्याने गाळायचं आणि झाकण लावून अंधारात ठेवायचं. गाळ तळाशी बसला की वरचं निवळ पाणी थोडं थोडं टाकीत घालायचं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर चढतात आणि नद्यांचा चिखल समुद्रात जातो. त्यामुळे मे महिन्यात आणलेलं पाणी थेट नारळी पौर्णिमेपर्यंत पुरवावं लागतं.

वाल्मिकची शेती बघते त्याची बायको सावळी. तिला त्या टाकीचं कौतुक नव्हतं. आमच्याकडे पेरणीआधी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणे वर तरंगतात, भरीव खाली बसतात. त्या वर्षी सावळीने डबा उघडला तर मीठ संपलेलं. दुकानात जायचं सोडून तिची नजर गेली जिन्याखाली. बोट बुडवून चाटून बघितलं, खारट लागलं. घमेलं भरून घेतलं, सगळं बियाणं निवडलं आणि बाई काटकसरीची, म्हणून वापरलेलं पाणी परत पिंपात ओतून टाकलं!

वाल्मिक कामावरून आला तेव्हा मी पडवीत चहा पीत होतो. तिने हे त्याला मोठ्या हौसेने सांगितलं. त्याने पिंपाचं झाकण काढलं. पाण्यावर धूळ आणि तूस तरंगत होतं. तो तिथेच खाली बसला. नवं पाणी आता नारळी पौर्णिमेनंतरच मिळणार होतं.

"आवो, खारट पानीच ना ते? सोनं हाय का?" सावळी म्हणाली.

"पोराचा फोन नाय कवापासून," तो पिंपाकडे बघत म्हणाला. "मी मनाशी धरलंय सावळे, ह्यो मासा जगला तर ओमकार सुखरूप घरी येल."

मी कप खाली ठेवला. या माणसाची मी इतके दिवस थट्टा करत होतो.

सावळी मात्र भडकली. "मंग मला नाय सांगायचं? पोरगा काय तुमच्या एकट्याचा हाय?"

वाल्मिकने पाण्यावरचं तूस चिमटीत उचललं आणि विचारलं, "बियान्याला औषध लावलं व्हतं?"

"नाय. घरचं बियानं, त्याला कसलं औषध?"

औषध असतं तर त्या पाण्यात मासा वाचलाच नसता; तेवढाच एक आधार होता. सावळीने आपली जुनी सुती साडी चौपदरी केली आणि सगळं पाणी त्यातून गाळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गाळलं. वाल्मिकने पिंपात हवेची नळी सोडली आणि पाण्याचा वास जाईपर्यंत ती बंद केली नाही. पाणी निवळलं. पण टाकीत ओतायला त्याचा हात पुढे होईना. टाकीतलं जुनं पाणी तर पिवळट झालं होतं, मासा सुस्तावला होता.

शेवटी सावळीच पुढे झाली. तांब्याभर पाणी तिने हळूहळू टाकीत सोडलं आणि समोर बसून राहिली. मासा दगडाच्या कपारीत शिरला तो दिवसभर बाहेर आला नाही. त्या दिवशी त्यांच्या घरात कोणी नीट जेवलं नाही. सकाळी मासा बाहेर आला आणि त्याने खाणं खाल्लं. वाल्मिकने ते मला कुंपणावरून ओरडून सांगितलं. इतक्या मोठ्याने बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तेव्हापासून टाकीला रोजचा तांब्या सावळीचा.

ओमकार आला तो भात झोडून झाल्यावर, दिवाळीत. सावळीने नव्या तांदळाचा भात केला होता, मलाही बोलावलं होतं. जेवता जेवता पोराने टाकीकडे बघितलं.

"बाबा, पावसाळ्यात पाणी कसं पुरवलंत?"

वाल्मिकने सावळीकडे बघितलं. "तुझ्या ताटातला भात आनि त्यो मासा, दोनी एकाच पान्यातून निघालेत. आयसला विचार."

ओमकारला काहीच कळलं नाही. सावळीने त्याला आणखी एक डाव भात वाढला. मग भाताच्या हातानेच ती टाकीपाशी गेली आणि काचेजवळ वाकून म्हणाली, "आला रे बाबा तुझा मालक. आता निवांत ऱ्हा."