शटर, तात्या आणि अर्धी बरणी तेल

आमच्या लॅबमधले किस्से लिहून ठेवले असते, तर रिपोर्टपेक्षा ती फाईल जाड झाली असती. रिपोर्ट मात्र कोराच!

नारायणगावात टोमॅटो पॅकिंगच्या जुन्या शेडमध्ये आमच्या कंपनीची लॅब. जमिनीखालचं डांबरासारखं घट्ट तेल गॅसच्या वाफेनं पातळ करून काढता येतं का, ते तपासायचं. काचेच्या पेटीत तेलात भिजवलेली वाळू भरायची, वरून प्रोपेनची वाफ सोडायची आणि खालच्या बरणीत थेंब पडायची वाट बघायची. दीड महिना! मध्ये गॅस गळला की पुन्हा पहिल्यापासून. शेडचे मालक तात्या हेच आमचे वॉचमन, ऑपरेटर आणि न विचारता सल्लागार.

*

तात्यांना वाळू चाळून ठेवायला सांगितली. सकाळी बघतो तर वाळूत सिमेंट!

"नुसती वाळू कशी टिकंल, राव?"

*

खंडेनवमीला यंत्रांची पूजा. पेटीला झेंडूचा हार, इथवर ठीक. पण तात्यांनी सिलिंडरपुढं निरांजन ठेवून काडी काढली! मी झडप घालून काडेपेटी हिसकावली.

"अहो, उडू आपण!"

"देवाच्या दिव्यानं कुनी उडतंय व्हय?"

शेवटी रस्त्यापलीकडं निरांजन लावलं आणि तिथूनच ओवाळलं.

*

पहिला प्रयोग गेला, कारण तात्यांना एक नट ढिला वाटला. त्यांनी तो काच तडकेपर्यंत आवळला. दुसरा प्रयोग त्यांनी पाहुण्यांना गॅसचा वास दाखवायला पेटीचा व्हॉल्व्ह उघडून घालवला.

"गॅस हाय का न्हाई, बगाया नको?"



*

कंपनीनं बजावलं, या खेपेला बरणीत तेल दिसलं नाही तर लॅब बंद. माझी तर झोपच उडाली. मी पेटीभोवती दोरी बांधली आणि तात्यांना आत पाऊल टाकू दिलं नाही. दीड महिन्यानं अर्धी बरणी भरली. काळंभोर, पण धार लागेल इतकं पातळ! आनंदानं मी दोरी सोडली.

आता एकच कटकट उरली, शेडचं गंजलेलं शटर. उघडताना दोघांनी मिळून वर रेटायचं आणि त्याचा आवाज हायवेपर्यंत जायचा.

"तात्या, उद्या कंपनीचे साहेब येतायत. तेवढं या शटरचं काहीतरी करा!"

सकाळी साहेबांना घेऊन पोचलो. तात्यांनी एका बोटानं शटर वर सरकवलं. आवाज नाही! साहेब खूश, मीही खूश. आत गेलो. टेबलावर बरणी स्वच्छ धुऊन पालथी घातलेली.

"उरल्यालं शेजारच्या शटरला बी लावलं," तात्या साहेबांना म्हणाले. "तेल एक नंबर हाय, सायब!"