लिहिणारी आणि हात धरणारी

आमच्या खोलीत किस्से साठतात ते टॉवेलांसारखे. रोज धुवायला टाकले तरी दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात ढीग असतोच. जळगावच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी सहा वर्षं थेरपी असिस्टंट आहे, म्हणजे ढीग केवढा झाला असेल बघा! हसण्यासारखेच असतात बरेचसे. फक्त हसून झालं की जो तो खाली मान घालून कामाला लागतो, एवढंच.

आधी आमचं काम सांगते. कुणाला लकवा मारलेला असतो, कुणाचा हात मशीनमध्ये सापडलेला असतो. चालायला शिकवणारे फिजिओवाले शेजारच्या खोलीत. आमच्याकडे जेवणं, बटण लावणं, केस विंचरणं, कुलूप उघडणं. मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट, धुळ्याच्या. त्या तपासतात, कुणाकडून काय करून घ्यायचं ते ठरवतात आणि फाइलमध्ये लिहितात. मी ते करून घेते. खोलीत आम्ही दोघीच.

जामनेरकडची एक बाई नवऱ्याला घेऊन यायची. आठ दिवस तिनं आमच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे शिकलेली लिहिते आणि कमी शिकलेली राबते. आमच्या घरी पण अस्संच आहे!"

मॅडम हसल्या. मी पण हसले. दुसरं काय करणार?

* * *

डाळ मिलमधले एक भाऊ होते. उजव्या हाताची बोटं पट्ट्यात सापडून आखडलेली. मॅडमनी लिहिलं, तूर आणि मूग मिसळून द्यायचे, रोज पंधरा मिनिटं निवडून घ्यायचे. चिमटीत ताकद येते त्यानं. भाऊ खूश! तीस वर्षं हेच केलेलं. मान खाली घालून निवडायचे, तूर इकडे, मूग तिकडे, एकदम चोख.

दहाव्या दिवशी ते जरा लवकर आले. मी पातेल्यात दोन्ही डाळी एकत्र करत होते.

"काल मी निवडलेली हीच का?"

"हो भाऊ, हीच की."

"परवाची?"

मी पातेल्यातून हात काढला. भाऊंनी पातेल्यात वाकून बघितलं. मग चप्पल घालता घालता म्हणाले, "मिलमध्ये मी निवडलेली डाळ पुढं तरी जायची, ताई!"

परत आले नाहीत. ती डाळ अजून त्याच डब्यात आहे.

* * *

पहूरचे नाना केळीवाले. घर मोठं, माणसं भली, आणि सुना तीन. नानांचा उजवा हात लकव्यानं गेलेला, पण थोडी हालचाल होती. मॅडमनी घरच्यांना बसवून सांगितलं, "त्यांना स्वतः जेवू द्या. सांडू द्या, तासभर लागू द्या. तुम्ही हात लावायचा नाही."

तिन्ही सुनांनी माना डोलावल्या. पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी जाऊन बघते तर एक सून घास भरवतेय, दुसरी पाण्याचा ग्लास तोंडाला लावतेय आणि तिसरी पदरानं तोंड पुसतेय! मी ओरडलेच. "अहो, तुम्हीच त्यांचा हात मारताय!"

मोठीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "ताई, गावात माणसं बघायला येतात. तीन-तीन सुना असून सासरा एकटा भाकरीशी झटापट करतो, हे दिसायला कसं दिसतं?"

मी त्यांना मोठ्ठं लेक्चर दिलं. सेवेनं माणूस लुळा होतो वगैरे. चार महिन्यांनी मॅडमनी नानांना पुन्हा तपासलं. हात होता तिथंच. वजन मात्र सहा किलो वाढलं होतं!

* * *

आता अक्कांचं ऐका. हा किस्सा मला अजून सलतो.

अक्का धुळे तालुक्यातल्या, लकव्यानं एक हात अधू झालेला. एसटीनं यायच्या, दोन तास यायला, दोन तास जायला. लाकडी पाटीवर खुंट्या लावायचा व्यायाम दिला तर हातच लावेनात. "पोरी, या खुंट्यांना माझं काय काम?" मग मॅडमला विचारून मी कपाशीची वाळलेली बोंडं आणली. अक्कांनी बोंड हातात घेतलं मात्र, अंगठा आपोआप वळला! दोन बोटांत कापूस धरून ओढला. मी तर टाळ्या वाजवल्या.

पुढं मॅडम आठवडाभर ट्रेनिंगला मुंबईला गेल्या. नेमका अक्कांचा खांदा दुखायला लागला. काय होतंय ते मला दिसत होतं. हात उशीवर टेकवून दिला असता, टेबल खाली घेतलं असतं, तर काम चाललं असतं. पण आमचा नियम असा की दुखलं तर असिस्टंटनं थांबवायचं. दुसरं काही सुरू करायचं नाही. ते मॅडमनी तपासून ठरवायचं. मॅडमचा फोन तिकडे बंदच. मी थांबवलं.

तीन दिवस अक्का चार-चार तास एसटीत धक्के खाऊन आल्या आणि खुर्चीत नुसत्या बसून गेल्या. तिसऱ्या दिवशी पिशवी उचलताना अहिराणीत म्हणाल्या, "तुले माहीत शे ना काय करानं? मंग करत का नही?"

चौथ्या दिवशी आल्या नाहीत. मॅडमनी परत आल्यावर फोन केला, तर मुलगा म्हणाला, आई आता नाही म्हणते. मॅडमनी फाइल बंद केली. मी त्याच आठवड्यात 'नीट' या प्रवेशपरीक्षेची पुस्तकं घेतली. घरी आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं, दवाखान्याची परीक्षा आहे.

* * *

तुम्ही म्हणाल, मग सरळच आहे, मॅडम व्हायचं! थांबा जरा.

एक शिक्षक यायचे. दीड महिना रोज. पेन धरायला लागले, सही करायला लागले. शेवटच्या दिवशी पेढे घेऊन आले. मला पेढा दिला, माझ्या डोक्यावर हात ठेवला, रडले बिचारे. तेवढ्यात मॅडम फाइल घेऊन आल्या. तपासणी, अपंगत्वाची सर्टिफिकेटं, शिबिरांचे रिपोर्ट, यातून त्यांना मान वर करायला फुरसत नसते. गुरुजींनी मला हळूच विचारलं, "या बाई कोण?"

त्यांचा सगळा कोर्स मॅडमनी ठरवलेला! एकेक बोट, एकेक दिवस!

मॅडम खूप हसल्या. मग बेसिनवर जाऊन बराच वेळ तोंड धुतलं. डबा खाताना म्हणाल्या, "कुणाचा हात हातात धरला त्याला किती दिवस झाले, आठवत नाही गं." त्या दिवशी त्यांनी भाजी तशीच ठेवली.

* * *

या वर्षी मला मॅडमच्याच कोर्सला सीट लागली. नागपूर. चार-साडेचार वर्षं.

मॅडमनी मला मिठीच मारली. मग डबा खाताना माझं तोंड बघून विचारलं, "अडलंय कुठं?"

अडलं होतं आबांपाशी. माझे वडील पारोळ्याच्या मार्केटात मापाडी होते. दोन वर्षांपूर्वी त्यांनाही लकवा झाला, उजवा हात गेला. आई नाही, भाऊ नाही. मी त्यांना इथं जळगावला दोन खोल्यांत आणलं. मॅडमनी पहिले सहा महिने तपासलं, मग आबाच यायला कंटाळले.

"सकाळ-संध्याकाळ मी भरवते," मी म्हटलं. "दुपारी शेजारच्या काकू ताट देतात, त्याच भरवतात."

मॅडमचा घास हातातच राहिला. "तू भरवतेस? तू?"

"त्यांचा घास सांडतो मॅडम. मला नाही बघवत."

"नानांच्या सुनांनाही बघवत नव्हतं," मॅडम एवढंच म्हणाल्या. मी माझा डबा बंद केला.

* * *

आता शेवटचा. हा मी मॅडमनाही सांगितलेला नाही.

सीट कन्फर्म करायचा शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत मुदत. माझं काही ठरत नव्हतं. आबांना तर सीट लागल्याचंच सांगितलेलं नव्हतं. सांगून काय करणार? मी गेल्यावर त्यांचा घास कोण भरवणार? दुपारी मॅडमनी त्यांचा कॉम्प्युटर माझ्यापुढे सरकवला. "दाब. बाकीचं मागाहून बघू."

मी डोळे मिटून दाबलं. तर म्हणे ओटीपी टाका! फॉर्म भरताना पालकांचा नंबर म्हणून मीच आबांचा नंबर दिलेला. आबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. रिक्षा केली आणि घर गाठलं.

खिडकी उघडी होती. आत काकू नव्हत्याच. आबा पाटावर बसलेले, समोर ताट, ताटात भरीत आणि भाकरी, मांडीशी फोन. आबांनी उजव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. भरीत घेतलं. घास तोंडात घातला. कणसुद्धा सांडला नाही. मग दुसरा.

सहा वर्षं मी हेच बघत आलेय. असा अंगठा एका दिवसात येत नाही. महिनेच्या महिने लागतात. रोज सकाळी हाच हात त्यांच्या मांडीवर मेल्यासारखा पडलेला असायचा आणि मी भरवत असायचे.

मी पाय न वाजवता मागे फिरले. फाटकाची कडी जोरात आपटली आणि बाहेरूनच हाक मारली, "आबा, मी आले हो!"

आत गेले. आबांचा उजवा हात मांडीवर पडलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

मी हात धुतले, समोर बसले, घास भरवला. त्यांच्या बोटांना भरीत लागलं होतं, ते ओढणीनं पुसून टाकलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.

"आबा, मी दोनदा फोन केला. उचलला का नाही?"

"मना हात कोठे चालस, माय?"

"बरं. फोनवर मेसेज आला होता का? आकडा होता त्यात."

आबांनी घास नीट चावून गिळला.

"उना व्हता," म्हणाले. "तो मीच पुसी टाका."